पाचव्या थराच्या वर

१

सेवालाल जयंतीला अख्खा खैरमाळ तांडा पांढरे झेंडे घेऊन महागावच्या मिरवणुकीला गेला होता. मागं उरल्या शेळ्या, अंथरुणाला खिळलेली दोन-तीन म्हातारी माणसं आणि धावजी राठोड. धावजी अडुसष्ट वर्षांचे मिस्त्री. "सण दरसाल येते," असं म्हणून ते तांड्याच्या टोकाला चाललेल्या नव्या अभ्यासिकेत भिंतीच्या दरजा भरत बसले. त्यांची सून रंजिता घरकामासाठी थांबली होती. दुपारी अडीचला मिरवणुकीत तिचा फोन आला. अभ्यासिकेची मागची भिंत धावजीबापूंच्या अंगावर पडली होती.

तांडा परतला तोवर रुग्णवाहिका धावजींना पुसदला घेऊन गेली होती. डावा पाय मांडीत मोडला होता. जीव वाचला, पण भिंतीची अब्रू गेली.

कारण ती भिंत भाजलेल्या विटांची नव्हती. तांड्यावरच्या बत्तीस बायकांनी हाताच्या यंत्रावर दाबून काढलेल्या मातीच्या ठोकळ्यांची होती. तांबडी माती, चिमूटभर म्हणावं इतकं सिमेंट, आणि एकवीस दिवस वरून ओलं गोणपाट. भट्टी नाही, जळण नाही, धूर नाही. नागपूरच्या एका संस्थेनं ठरवलं होतं की ही अभ्यासिका नीट उभी राहिली तर तांड्यावरची चाळीस घरं याच ठोकळ्यांनी बांधायची. आता संस्थेनं काम थांबवलं आणि सुरभी गावंडेला पाठवलं.

पडलेल्या इमारती पाहणं हा सुरभीचा व्यवसाय होता. पंधरा वर्षांत तिनं पुलांपासून पाण्याच्या टाक्यांपर्यंत बरंच काही पडलेलं पाहिलं होतं. ती आधी ढिगाऱ्याकडं जायची, मग माणसांकडं. माणसं खोटंच बोलतात असं तिचं म्हणणं नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला नीट आठवत नाही, आणि ढिगाऱ्याला घाबरायचं कारण नसतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती खैरमाळला उतरली तेव्हा दोघं तिची वाट पाहत होते. एक कपिल देवसरकर, कामावरचा तरुण इंजिनिअर, तीन दिवस दाढी न केलेला. दुसरी ममता चव्हाण, बायकांच्या गटाची अध्यक्ष.

"ताई, तुमी येयाच्या आधीच सांगून ठेवते," ममता म्हणाली. "ही भिंत पडली नाही. पाडली."

२

सुरभीनं अभ्यासिकेभोवती एक फेरी मारली. काळ्या दगडाचं दीड फूट उंच जोतं, त्यावर चार भिंती. छप्पर अजून चढायचं होतं. तीन भिंती जागच्या जागी होत्या. मागच्या भिंतीचा मधला सात-आठ फुटांचा भाग आत कोसळला होता. दोन्ही बाजूंचे तुकडे मात्र उभे होते.

तिनं पिशवीतून ओळंबा काढला आणि त्या उभ्या तुकड्यांना लावला. दोरी भिंतीला समांतर राहिली, दोराभरही इकडं तिकडं नाही.

मग ती खाली बसली. जोत्यावरचे पहिले पाच थर शाबूत होते. बोटानं चाचपून पाहिले; कोरडे, टणक. भिंत तुटली होती ती पाचव्या थराच्या वर, सरळ रेघ मारल्यासारखी.

"पाया खचला असंल, मॅडम," कपिल म्हणाला. "किंवा खालून ओल आली असंल."

"ओल खालून चढते," सुरभी म्हणाली. "ओलीनं भिंत गेली असती तर आधी पहिला थर गेला असता. इथं खालचे पाच ठणठणीत आहेत. तुम्ही शेवटचे कधी आला होतात कामावर?"

कपिलनं खाली पाहिलं. "आठ दिवस झाले होते. वहीत सही रोजची हाये. म्या एकदमच करून ठेवली."

हे त्यानं इतक्या लवकर सांगितलं की सुरभीनं त्याच्याकडं दुसऱ्यांदा पाहिलं. मुलाच्या मनावर ओझं होतं, पण ते दुसऱ्याच गोष्टीचं होतं.

"ममताताई, कोणी पाडली म्हणता?"

"लालसिंग पवार. पलीकडच्या नाल्यावर त्याची वीटभट्टी हाये. चाळीस घरं आमच्या ठोकळ्यानं झाले त त्याच्या विटा कोन घेईन? तसा रंजिताच्या माहेरचाच मानूस, तिचा चुलतमामा लागते. पन धंद्यापुढं नातं कोन पायते? मिरवणुकीत होता तो, झेंडा धरून. अडीच वाजता त्याले फोन आला आन फटफटी घेऊन मधूनच पळाला. काहून पळाला?"

"भिंत त्याआधी पडली होती ना?"

"मानसं लावली असतीन त्यानं," ममता म्हणाली. "आज ठानेदाराकडे जाऊन राह्यलो आमी. बायका तयार हायेत."

"उद्या दुपारपर्यंत थांबाल?" सुरभीनं विचारलं.

ममता नाखुशीनं थांबायला कबूल झाली. सुरभीनं ढिगाऱ्यातून सहा ठोकळ्यांचे तुकडे उचलले आणि ममताच्या अंगणात पाण्यानं भरलेल्या दोन बादल्यांत टाकले. कच्च्या ठोकळ्याचा पाण्यात गाळ होतो. चांगला ठोकळा जसाच्या तसा राहतो. उत्तर मिळायला एक रात्र जावी लागते.

निघताना तिची नजर भिंतीच्या मागच्या मोकळ्या जागेवर गेली. बांधकामाचा परिसर, वाळू, खडी, फुटके ठोकळे सगळीकडं विखुरलेले. पण भिंतीमागची गाडीवाटेएवढी पट्टी खराट्यानं स्वच्छ झाडलेली होती. खराट्याच्या रेघा अजून दिसत होत्या.

ज्या ठिकाणी छप्परही नाही तिथलं अंगण कोण झाडतं?

३

धावजी घरी बाजेवर पडले होते. पाय प्लास्टरमध्ये, उशाशी पाण्याचा तांब्या. सुरभी शेजारच्या पाटावर बसली.

"बापू, काय झालं होतं?"

"काय व्हायचं हाये, बाई. हात म्हातारा झाला." ते छताकडं पाहत बोलत होते. "भिंत ओळंब्यात नव्हती. मले दिसत होतं, तरी चढवत गेलो. एक दिवस पडनारच होती. माहीच चूक हाये. लिहून घ्या."

"किती वर्षं हे काम करता?"

"पंचेचाळीस."

"आणि याआधी कधी भिंत पडली होती?"

धावजींनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत क्षणभर राग चमकला आणि विझला. "नाही," ते म्हणाले.

सुरभीनं वहीत काहीच लिहिलं नाही. पंचेचाळीस वर्षं एकही भिंत न पडलेला मिस्त्री आपली भिंत वाकडी होती असं कबूल करत होता, आणि तासाभरापूर्वी तिनं स्वतः ओळंबा लावून पाहिला होता. गुन्हा नाकारणारी माणसं तिनं खूप पाहिली होती. न केलेला गुन्हा मागून घेणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

रंजिता चहा घेऊन आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, ठेंगणी, अंगानं बारीक. साखरेचा डबा काढायला तिला फळीखाली स्टूल ओढावं लागलं. तिचा नवरा शाम पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर होता, दिवाळीनंतर घरी आलेला नव्हता.

"भिंत पडली तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"घरीच. आवाज आला म्हून पळत गेलो."

"त्या दिवशी तांड्यावर एखादी गाडी आली होती?"

"कोनतीच नाही आली," धावजी बाजेवरूनच म्हणाले. प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता.

४

लालसिंग पवार भट्टीवरच भेटला. सहा फुटांच्या वर उंच, पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल. सुरभीनं ओळख सांगितली तेव्हा तो हसला नाही आणि चिडलाही नाही.

"मले ठाऊक हाये मॅडम, तांडा काय बोलून राह्यला ते. भिंत पडली त माह्या विटा खपतेत, हे खरंच हाये. खोटं कायले बोलू? पन म्या नाही पाडली. हजार मानसानं पायलं मले महागावात."

"फोन कुणाचा आला होता?"

"घरून. म्हैस अडली होती."

"तुमचा ट्रॅक्टर त्या दिवशी कुठं होता?"

"मिरवणुकीत. सजवून नेलता."

हे उत्तर ऐकून सुरभीनं पेनाचं टोपण लावलं. येताना वाटेत ममता सांगत होती की मिरवणुकीला जायला त्यांनी लालसिंगचा ट्रॅक्टर मागितला होता. तो म्हणाला, ट्रॅक्टर बिघडला. शेवटी बायका काळीपिवळी जीपमध्ये कोंबून, अर्ध्या उभ्यानं, महागावला गेल्या. एकच ट्रॅक्टर एकाच दिवशी बिघडलेलाही होता आणि सजवलेलाही होता.

"पाहू का जरा?"

लालसिंगनं हातानं शेडकडं खूण केली. ट्रॅक्टर आणि मागं उलटी होणारी ट्रॉली. सुरभीनं टेप काढून ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची जमिनीपासूनची उंची मोजली. तीन फूट दोन इंच. जोत्याची उंची दीड फूट आणि वर चार इंची पाच थर. तिला वहीत बेरीज करायची गरज पडली नाही.

मग ती ट्रॅक्टरवर चढली, बसण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. सीटच्या पाठीला घडी घातलेली गोधडी बांधली होती. आणि क्लचच्या पायपट्टीवर रबराच्या पट्टीनं चार बोटं जाडीचा लाकडाचा ठोकळा आवळला होता.

"हा कशाला?"

लालसिंगनं त्या लाकडाकडं असं पाहिलं जसं ते आत्ताच दिसलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. फेब्रुवारीची सकाळ होती आणि भट्टी पेटलेली नव्हती.

"क्लच जड हाये," तो म्हणाला.

लालसिंगचे पाय इतके लांब होते की त्या सीटवर बसला असता तर गुडघे स्टिअरिंगला लागले असते.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ममताच्या अंगणात बऱ्याच बायका जमल्या होत्या. बादल्या कालपासून कोणी हलवू दिल्या नव्हत्या. सुरभीनं हात घालून एकेक तुकडा बाहेर काढला. कडा तशाच धारदार. तळाला चमचाभरसुद्धा गाळ नव्हता.

"ठोकळे पास," ती म्हणाली.

बायकांतल्या एकीनं पदर डोळ्याला लावला. कपिलनं सुस्कारा सोडला आणि लगेच तोंड दुसरीकडं केलं.

"मंग भिंत कायनं पडली?" ममता म्हणाली.

"ते आता कळेल. भिंत पडायच्या आदल्या दिवशी तुम्ही किती ठोकळे काढले?"

"आदल्या दिवशी? अर्धा दिवस नुसतं बसून होतो. माती संपलती. दुसऱ्या दिवशी जयंती, त्याच्या दुसऱ्या दिवशी त काम बंदच झालं."

सुरभीनं यंत्राच्या शेडकडं पाहिलं. यंत्राशेजारी न चाळलेल्या ताज्या तांबड्या मातीची रास होती, माणसाच्या छातीएवढी.

"मग ही माती कधी आली?"

ममतानं वळून पाहिलं. बाकीच्या बायकांनीही पाहिलं. चार दिवस ती रास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि भिंतीच्या दुःखात कोणाला तिचं नवल वाटलं नव्हतं.

"म्हंजे जयंतीले ट्रॉली आलती," ममता सावकाश म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "लालसिंगचीच आलती. म्या सांगत होती नं. चला गं, ठान्यात चला."

"दुपारपर्यंत म्हणाला होतात," सुरभी म्हणाली.

६

ती पुन्हा धावजींच्या घरी गेली. धावजींचा डोळा लागला होता. रंजिता चुलीपाशी भाकरी थापत होती. सुरभी दारातच उभी राहिली.

चुलीमागची भिंत वर्षानुवर्षांच्या धुरानं काळीकुट्ट झाली होती. त्या काळ्या भिंतीवर एक रंगीत कागद चिकटवला होता. रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता: वळण, घाट, शाळा, प्रवेश बंद. खाली अवजड वाहन मागं घेण्याचे नियम. कागद पांढराशुभ्र होता, म्हणजे लावून फार दिवस झाले नव्हते. कडांना मात्र हळदीची आणि पिठाची बोटं लागली होती.

"हा तक्ता कुणाचा?"

"त्यायचा," रंजितानं वर न पाहता सांगितलं. "शामचा. ड्रायव्हरकी शिकायची म्हनतेत."

"शाम दिवाळीनंतर आलाच नाही ना?"

भाकरी तव्यावर पडली. रंजितानं ती उलटली नाही.

"आणि तक्ता चुलीवर," सुरभी म्हणाली. "अभ्यास करणारा माणूस तक्ता तिथंच लावतो जिथं त्याचा वेळ जातो."

करपल्याचा वास सुटला. बाजेवरून धावजींचा आवाज आला. ते जागेच होते.

"बाई, तुमी भिंतीचं काम करता नं? मंग भिंतीचंच करा."

७

सुरभी बाजेजवळ पाटावर बसली.

"भिंतीचंच करते, बापू. तुमची भिंत ओळंब्यात होती. ठोकळे चांगले होते. खालचे पाच थर अजून उभे आहेत आणि तुटलेली रेघ बरोबर लालसिंगभाऊंच्या ट्रॉलीच्या उंचीवर आहे. भिंत बाहेरून आत पडली. छप्पर नव्हतं, वरून कसलाच दाब नव्हता. अशा वेळी चांगली भिंतही बाजूचा धक्का सोसत नाही. मागं चाकांच्या खुणा असणार, त्या कोणीतरी झाडल्या. झाडणारं मागं राहिलेल्यांपैकीच, कारण बाकी तांडा महागावला होता. लालसिंगभाऊही तिथंच होते. त्यांना फोन आला तो भिंत पडल्यावर. ते येऊन ट्रॅक्टर घेऊन गेले. ट्रॅक्टरबद्दल त्यांनी जयंतीआधी बायकांना एक थाप मारली होती, काल मला दुसरी मारली. पण क्लचवरचं लाकूड सोडायचं राहिलं. ते लाकूड ठेंगण्या माणसासाठी आहे."

"माही चूक हाये म्हनलं नं," धावजी म्हणाले. "मानूस स्वतः सांगून राह्यला. तुमाले अजून काय पायजे?"

"तुमची चूक लिहिली तर चाळीस घरं भाजलेल्या विटांची होतील. यंत्र गंजेल. मातीची भिंत माणसावर पडते, हे पुढची वीस वर्षं या तालुक्यात सांगितलं जाईल. आणि नुसतं 'वाहनाचा धक्का' लिहिलं, तर ममताताई आज दुपारी लालसिंगभाऊंवर फिर्याद देतील. मुद्दाम भिंत पाडून माणूस मारायला निघाला म्हणून."

इतक्या लांबचा विचार धावजींनी केलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चुलीपाशी रंजिता उठली. तिनं तवा उतरवला, हात धुतले आणि येऊन बापूंच्या पायाशी उभी राहिली.

"म्या मारली धडक," ती म्हणाली.

"रंजिता," धावजी म्हणाले.

"नाही बापू. राहू द्या आता." ती सुरभीकडं वळली. "एसटीत बाया ड्रायव्हर घेऊन राह्यलेत, ताई. म्या फारम भरला. यादीत नाव आलं. ट्रेनिंगच्या आधी हात बसावा म्हून मामाच्या ट्रॅक्टरवर शिकत होती, सहा महिने. पुढं त चालवतो. ट्रॉली मागं घेता येत नव्हती. जयंतीले तांडा रिकामा होता. म्हनलं, माती बी आनू आन मागं घ्याची प्रॅक्टिस बी करू. माती टाकली. मंग अभ्यासिकेमागं वळवाले गेलो. बापू जेवाले गेले असतीन वाटलं. टेकलं तवा वाटलं, वाळूच्या राशीले टेकलं. मंग आवाज आला."

तिनं बापूंच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"म्या हातानं ठोकळे काढले. पाय उलटा झालता त्यायचा. आन मले काय म्हनतेत? आधी ट्रॅक्टर ने इथून. मंग फोन कर. म्या ट्रॅक्टर नाल्याकडं नेऊन उभा केला, मंग मामाले आन तांड्याले फोन केला. दवाखान्याच्या गाडीत चढवेपर्यंत एकच लावलं होतं. भिंत आपल्या आपन पडली, असंच सांग. केस झाली त तुही यादी जाईन."

"जानारच हाये," धावजी म्हणाले. त्यांचा आवाज आता मिस्त्रीचा नव्हता, नुसता थकलेल्या म्हाताऱ्याचा होता. "मले कोनतं काम रायलं आता? दोन वर्षं, चार वर्षं. माह्या नावाले डाग लागला त काय बिघडते? तिले तीस वर्षं चालवायची हाये गाडी."

सुरभीला काहीतरी बोलावंसं वाटलं. ती सहसा अशा जागी बोलत नसे. कारण सापडलं की तिचं काम संपायचं. "माझ्या रिपोर्टात चालवणाऱ्याच्या नावाला जागा नाही," ती अखेर म्हणाली. "वाहन लिहीन, धक्का लिहीन. नाव सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त दुपार व्हायच्या आत ठरवा."

८

बायका यंत्राच्या शेडपाशी जमल्या होत्या. दोघी-तिघी तर ठाण्यात जायला नवी लुगडी नेसून आल्या होत्या. लालसिंगही आला होता. कोणीतरी निरोप धाडला होता. तो लांब, बाभळीखाली उभा राहिला.

रंजिता मातीच्या राशीशेजारी उभी राहून बोलली. घरी सांगितलं तेवढंच, त्याच क्रमानं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "मामाले काही करू नका. त्यानं मले शिकवलं, एवढंच. लपवलं ते आमच्या सांगन्यानं."

ममताच्या चेहऱ्यावर काय चाललं आहे ते सुरभीला कळेना. चार दिवस या बाईनं एका माणसाला मनातल्या मनात फासावर चढवलं होतं.

"चार दिवस," ममता म्हणाली. "चार दिवस आमाले झोप नाही. आमी समजून राह्यलो होतो, आपल्या हातानं केलेल्या ठोकळ्यानं मानूस मारला असता. तुले एकडाव येऊन सांगता नाही आलं?"

"नाही आलं," रंजिता म्हणाली.

ममता तिच्याकडं पाहत राहिली. मग ती बाभळीखाली गेली आणि लालसिंगला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते कोणाला ऐकू आलं नाही. लालसिंगनं फक्त टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि मान हलवली.

सुरभीचा रिपोर्ट दोन पानांचा झाला. त्यात तिनं कपिलच्या एकगठ्ठा सह्यांचंही लिहिलं, कारण तेही खरं होतं. छप्पर चढेपर्यंत सुट्या भिंतीला बाजूचा आधार द्यायला हवा होता आणि रोज येणाऱ्या इंजिनिअरला ते दिसलं असतं. संस्थेनं कपिलला कामावरून काढलं नाही, पण चाळीस घरांचं काम दुसऱ्याकडं दिलं. घरं मार्चमध्ये मंजूर झाली.

रंजिता लालसिंगबरोबर ठाण्यात गेली आणि जबाब दिला. धावजींनी आपली तक्रार नाही असं लिहून दिलं. तरी लायसन्सशिवाय अवजड वाहन चालवल्याची नोंद झालीच, आणि चौकशी पुरी होईपर्यंत प्रशिक्षणाच्या यादीतलं तिचं नाव बाजूला ठेवलं गेलं. ती तुकडी तिच्याशिवाय निघून गेली. त्या वर्षी रंजितानं यंत्रावर ठोकळे काढले. संध्याकाळी भट्टीच्या मोकळ्या मैदानात लालसिंग बसून राहायचा आणि ती ट्रॉली मागं घेत राहायची. आता ममताही कधी कधी पाहायला जायची.

पुढच्या वर्षाच्या तुकडीत तिचं नाव आलं.

हे सगळं सुरभीला तुकड्यातुकड्यांनी, फोनवर कळत गेलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा ममताचा फोन आला. नव्या घरांच्या छपराबद्दल तिला काही विचारायचं होतं. ते झाल्यावर ती म्हणाली, पुसद-महागाव गाडीवर रंजिताची पहिली फेरी झाली. तांड्यावरच्या निम्म्या बायका मुद्दाम बसायला गेल्या होत्या. धावजीही काठी टेकत गेले, अर्धं तिकीट काढलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. महागाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

"मंग?" सुरभीनं विचारलं. ते तिच्या तोंडून तसंच निघालं.

"मंग काय. गाडी उभी राह्यली. बापू उतरले, पुढून फिरून तिच्या खिडकीपाशी गेले आन म्हनतेत, 'ब्रेक हळू दाबत जाय. आत म्हातारे मानसं राह्यतेत.'"